कडेची नजर

मला आंधळा म्हणणाऱ्या माणसांचा हिशेब ठेवायचं मी केव्हाच सोडलं होतं. कोल्हापुरात फुटबॉलचा लाइनमन व्हायचं म्हणजे ते ऐकून घ्यावंच लागतं. इथं पेठेपेठेचा संघ, प्रत्येक संघामागं एक तालीम, आणि प्रत्येक तालमीमागं गॅलरी भरून माणसं. त्या सगळ्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. झेंडा वर केला की एका बाजूची गॅलरी उठायची, नाही केला की दुसऱ्या बाजूची. "ए लाइनमन, डोळं फुटल्यात काय रं?" "चष्मा घाल की भावा!" "काठी आणून द्या रं त्याला घरातनं!" मी मंगळवार पेठेतला, म्हणून आमच्या पेठेच्या मॅचला मला लाइन मिळायची नाही. बाकीच्या पेठा मात्र दुसऱ्या दिवशी मला भाजी मंडईत गाठायच्या आणि राहिलेलं बोलून घ्यायच्या.

मी शाळेत पी.टी.चा मास्तर. आवाज मोठा, डोकं गरम. मीही सोडायचो नाही. "तुला दिसतंय व्हय एवढ्या लांबनं? ये की मग लाइनवर!" असं मैदानातूनच ओरडायचो आणि मॅच संपल्यावर रेफरीकडून बोलणी खायचो.

हे लिहितोय ते ज्यांना शुगर आहे आणि ज्यांना दवाखान्यातल्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ फाडफाड वाचता येते त्यांच्यासाठी. मलाही यायची. अजूनही येते. माझा आजार त्या ओळीत नव्हताच. आणि आधीच सांगतो, हे सगळं करून मी दमलोय. धीर देणारी गोड वाक्यं माझ्याकडं फारशी शिल्लक नाहीत.

तू आधी बस

माझी थोरली बहीण, आमची अक्का, शाहूवाडीकडं दिली आहे. डोंगरातलं गाव, भाताची शेती. तिकडून दवाखान्याला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. तिला धुरकट दिसायला लागलं होतं. तांदळातले खडे जेवताना दाताखाली यायला लागले तसं घरातल्यांनी तिच्याकडून निवडायचं काम काढून घेतलं, आणि त्याचा तिला फार राग आला. मी तिला कोल्हापूरला आणली आणि डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. मोतीबिंदू असणार हे मलाही कळत होतं. पण अक्कालाही शुगर आहे, म्हणून डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून घेऊ.

फोटोच्या खोलीत एक पांढरं मशीन होतं. त्याला समोर एक गोल भोक, तिथं तोंड लावून आत बघायचं. अक्का दारातच थांबली.

"ह्यात डोळा घालायचा? आणि आतनं काय आलं म्हंजे?"

"काही येत नाही आजी," मशीनवरच्या वैशालीताई म्हणाल्या. "नुसता उजेड चमकतो."

"तुमाला काय जातंय सांगाय," अक्का म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "बाळू, तू आधी बस. मग मी."

लहानपणी मी औषध घ्यायचो नाही. कडू काढा असला की अक्का आधी एक घोट स्वतः घ्यायची, चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलू द्यायची नाही, आणि मग वाटी माझ्या तोंडाला लावायची. आता माझी पाळी होती. मी खुर्ची ओढली.

"सर, शुगर आहे का तुम्हाला?" वैशालीताईंनी विचारलं.

"हाय की. लई वर्षं झाली. पण डोळ्याला काय न्हाई. परवाच आमच्या तालमीतल्या शिबिरात तपासलेत. फोटोबिटो काढून."

"मग बसाच," त्या म्हणाल्या.

हनुवटी पुढं, कपाळ टेकलेलं, आत एक ठिपका, मग चमक. दुसऱ्या डोळ्याला तसंच. "बघ, काय तरी झालं काय मला?" मी अक्काला म्हणालो. मग ती बसली, पदर घट्ट धरून, देवाचं नाव घेत. तिचे फोटो झाल्यावर मी तिला उठवायला गेलो, तेव्हा वैशालीताई तिचे फोटो बघत नव्हत्या, माझे बघत होत्या.

"सर, तुमच्या नावाचा पण केसपेपर काढून आणता का?"

आवाज अगदी साधा होता. पण मॅच चालू असताना रेफरी शिट्टी मारून थांबतो आणि काही न बोलता माझ्या दिशेनं चालत यायला लागतो, तसं मला वाटलं.

पापण्या

पडद्याची डॉक्टर म्हणजे एक तरणी मुलगी होती, माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या पोरींच्या वयाची. तिनं स्क्रीनवर माझा डोळा उघडला. एवढा मोठा, लालसर, रेघारेघांचा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण खालच्या बाजूला जाड काळ्या रेघा दिसल्या आणि मी त्यांच्यावर बोट ठेवलं.

"एवढं झालंय, मॅडम?"

"त्या तुमच्या पापण्या आहेत," ती म्हणाली. "हा फोटो इतका रुंद येतो की पापण्यासुद्धा येतात त्यात."

मी मोठ्यानं हसलो. अक्काही हसली. डॉक्टर हसली नाही. तिनं बाण सरकवत पार कडेला नेला आणि म्हणाली, "हे बघा." तिथं मला काहीच दिसेना. बारीक, कोळ्याच्या धाग्यांसारखं काहीतरी, आणि मधेमधे बारके ठिपके.

"इथं कडेला रक्त नीट पोचत नाहीये. म्हणून डोळ्यानं नव्या रक्तवाहिन्या काढल्यात. त्या कच्च्या असतात. फुटल्या तर डोळ्यात रक्त उतरतं."

"पण मला सगळं दिसतंय की!"

"दिसणारच. सरळ बघायचा मधला भाग चांगला आहे. आजार कडेला आहे."

"आणि त्या शिबिरातला फोटो?"

"तो मधल्या भागाचा असणार. त्यात जेवढं आलं तेवढं ठीकच होतं."

आता लाइनमनचं काम काय असतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ऑफसाइड बघायची म्हणजे नजर सरळ ठेवायची शेवटच्या बचाववाल्यावर, त्याच्या रेषेत आपण पळायचं. पण बॉलला लाथ बसते ती लांब कुठंतरी बाजूला. ती लाथ बसते त्या क्षणी पुढचा पोरगा बचाववाल्याच्या पुढं आहे की मागं, हे सांगायचं असतं. मान वळवली की तो क्षण गेला. म्हणजे एक गोष्ट डोळ्याच्या मधून आणि दुसरी डोळ्याच्या कडेनं, दोन्ही एकदम दिसल्या पाहिजेत. पोट माझं शाळेवर चालायचं, पण इभ्रत त्या कडेच्या नजरेवर होती. पहिल्यांदा हातात झेंडा आला तेव्हा आमच्या जुन्या रेफरीनं बजावलं होतं, झेंडा वर तरी करायचा, नाहीतर खाली तरी ठेवायचा. 'मला दिसलं नाही' असं तिसरं उत्तर लाइनमनला नसतं.

"इलाज काय?" मी विचारलं.

"लेसर. कडेचा पडदा थोडा थोडा भाजायचा, म्हणजे मधली नजर वाचते."

"आणि कडेचं दिसणं?"

"काही प्रमाणात कमी होईल. अंधारात जास्त जाणवेल. पण नाही केलं तर सगळंच जाऊ शकतं. आणि लवकर करायला हवं."

तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं, याचं आज बरं वाटतं. त्या दिवशी माझं टाळकं सटकलं. "तुमी फुटबॉल बघता काय?" मी विचारलं. ती नाही म्हणाली. "मग तुमाला काय कळणार, तुमी काय काढून घ्यायला निघालाय ते!" अक्कानं टेबलाखाली मला जोरात चिमटा काढला.

अक्काचा पडदा स्वच्छ निघाला. नुसता मोतीबिंदू, ऑपरेशन केलं की झालं. रिक्षात ती एकदम म्हणाली, "माझं चांगलं निघालं आन् तुझं असं. मी कशाला बसवलं रं तुला?"

"तू बसवलंस म्हणून तरी कळलं की."

"कळून काय करायचंय?" ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

घरातलं

माझी बायको सुनंदा बँकेत कॅशियर आहे. संध्याकाळी घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं, तर पहिलं वाक्य काय? "मी सांगत होते." दुसरं वाक्यच नाही. आत गेली आणि भांडी आपटत स्वयंपाक केला. त्या आठवड्यापासून आमच्या रविवारचा पांढरा रस्सा बंद झाला. तिनं स्वतःही खायचं सोडलं. "शुगर तुमाला आणि उपास मला," असं रोज ऐकवायची, पण सोडलं ते सोडलंच.

मुलगा पुण्यात नोकरीला. पूर्वी फोन केला की मॅचचं बोलायचा. आता, "पप्पा, आज किती आली?" फोन उचलायचा मला कंटाळा यायला लागला. घरात येणारा माणूसही तेच विचारायचा, आणि विचारून थांबायचा नाही. कुणी कारल्याचा रस सांगितला, कुणी जांभळाच्या बियांची पूड. लांबचा एक पावणा डोळ्यात घालायला मध घेऊन आला होता. मी त्याला जिना दाखवला. सुनंदा म्हणाली, एवढं कशाला बोलायचं, प्रेमापोटीच आला होता तो. असेल. पण मला त्या प्रेमाचाही शीण आला होता.

तपासणीसाठी डोळ्यात थेंब घातले की संध्याकाळपर्यंत जवळचं काही वाचता यायचं नाही. अशा दिवशी सुनंदा चहा झाल्यावर पेपर घ्यायची आणि फुटबॉलचं पान मोठ्यानं वाचून दाखवायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. खेळाडूंची नावं चुकायची, 'कॉर्नर किक'ला अडखळायची. मी एकदाही चूक काढली नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला ते सोपं नव्हतं.

फायनल

इतक्या वर्षांत मला फायनलची लाइन कधी मिळाली नव्हती. कारण साधं होतं, आमची पेठ बहुतेक वेळा फायनलला असायची. त्या वर्षी आमची पेठ आधीच बाहेर पडली. पेठेत सुतक पडल्यासारखं झालं आणि मी मात्र तोंड पाडून मनात नाचत होतो. फुटबॉल संघटनेतल्या आमच्या मित्रानं कानात सांगितलंही होतं, "मास्तर, औंदा फायनलची लाइन तुमची."

म्हणून मी ठरवलं, लेसर फायनल झाल्यावर. डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, "मी थांबा म्हणणार नाही." सुनंदाशी भांडण झालं, असलं की शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "झेंडा घेऊन उभं राहायला डोळंच उरलं न्हाईत तर काय करणार तुमी?" ती ओरडली. मी म्हणालो, इतके दिवस काही झालं नाही, आणखी थोड्या दिवसांत काय होतंय? मला खरंच तसं वाटत होतं. दिसत होतं की सगळं! रोज सकाळी गच्चीवर जाऊन लांबच्या पाट्या वाचायचो आणि स्वतःला पास करायचो.

अक्का आमच्याकडंच राहिली होती. तिच्या ऑपरेशनची तारीख आली. त्या सकाळी रिक्षा खाली येऊन थांबली, मी बूट घातले, आणि अक्का पिशवी मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली ती उठेचना.

"चल की अक्का."

"मी न्हाई येणार."

"का? भ्या वाटालंय?"

"तू आधी बस. मग मी."

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि मी भडकलो. "अगं, माझी फायनल हाय! फायनल झाली की दुसऱ्या दिवशी जातो."

"मग मी बी त्याच्या दुसऱ्या दिवशी जाते."

"तुला दिसंना झालंय, अक्का!"

"आणि तुला कुठं दिसालंय? एवढं टीव्हीवर डोळ्याचं चित्र दावलं त्या पोरीनं, ते तरी दिसलं काय तुला?"

मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की रिक्षावाला वर बघायला लागला. अक्का पिशवीचे बंद घट्ट धरून बसून राहिली. मी सुनंदाकडं बघितलं, ती माझ्या बाजूनं बोलेल म्हणून. ती दवाखान्यात फोन लावत होती, आजची पेशंट बदलून चालेल का विचारायला.

मी बूट काढले आणि जमिनीवरच बसलो आणि रडलो. बायकोसमोर, बहिणीसमोर, पन्नाशी उलटलेला बाप्या. फायनलसाठी रडलो, आणि भीतीनं. तोपर्यंत भीती वाटते असं मी कुणाला सांगितलं नव्हतं. अक्कानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण जागची हलली नाही ती नाहीच.

मग संघटनेतल्या मित्राला फोन केला. "लाइन दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का हो मास्तर?"

"डोळ्याचं जरा."

"आयला! म्हंजे गॅलरी खरं बोलत हुती म्हणायची!" तो हसला. मीही हसलो, फोन ठेवला आणि परत बूट घातले.

हिरवा उजेड

लेसर एका दिवसात होत नाही. एका डोळ्याला पुन्हा पुन्हा, मग दुसऱ्याला. त्याआधी दंडात सुई देऊन पिवळं औषध सोडलं आणि त्याच रुंद मशीनवर भराभर फोटो काढले. त्या दिवशी मी हळद लागल्यासारखा पिवळा दिसत होतो आणि लघवीचा रंग बघून तर घाबरलोच. आधी सांगितलं होतं तरी घाबरलो. ज्यांना हे करायचंय त्यांनी घाबरू नये, तो रंग उतरतो.

दवाखान्याचं वेळापत्रक असं, नाव सांगा, बाकावर बसा, थेंब, डोळे मिटा, परत थेंब, परत मिटा. बाकावर सगळेच डोळे मिटलेले, त्यामुळं माणसं आवाजानंच ओळखीची होतात. कसबा बावड्याचे एक पावणं माझ्या शेजारी असायचे. डोळे मिटून ते त्यांच्या म्हशींचं बोलायचे. कुठली म्हैस कुणाला दूध देते, कुठली सुनेला लाथ मारते. एक दिवस मी जिन्यात एका माणसाला धडकलो, दोघंही एकमेकांवर खेकसलो, आणि ते "बघून चाला की पावणं!" म्हणाले तेव्हा कळलं, हेच ते. मग दोघंही तिथंच जिन्यात कठड्याला धरून हसत राहिलो.

लेसरच्या खोलीत डोळ्यावर एक काचेचं भिंग टेकवतात आणि हलू नका म्हणतात. मग हिरव्या उजेडाचे फटके सुरू होतात. टक, टक, टक. बरेचसे काही वाटत नाहीत. मधेच एखादा असा बसतो की डोळ्याच्या मागं, पार मेंदूत कळ जाते. मी दात आवळून बसायचो. प्रत्येक टक म्हणजे माझ्या बाजूच्या मैदानाचा एक तुकडा गेला, असं मनात यायचं. आणि संपल्यावर खोलीभर जांभळट अंधार, त्यात सुनंदाचा हात. ती बँकेत रजा टाकून यायची आणि रस्त्यानं मला धरून चालायची.

फायनलच्या दिवशी मी घरी होतो, एका डोळ्याचं लेसर आदल्या दिवशीच झालं होतं. अक्काचंही एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. आम्ही दोघं बहीणभाऊ काळे चष्मे लावून गच्चीत बसलो. स्टेडियमचा आवाज तिथंपर्यंत येतो. गोलाचा आवाज वेगळा असतो आणि झेंड्याचा वेगळा. झेंडा वर गेला की आधी हजारो माणसांचा श्वास अडकल्यासारखं होतं, मग शिव्या. तसा आवाज आला आणि मी उठून उभा राहिलो.

"काय झालं?" अक्कानं विचारलं.

"ऑफसाइड," मी म्हणालो.

"म्हंजे काय असतंय ते?"

मग मी ताटातल्या भाजलेल्या शेंगा मांडून तिला ऑफसाइड शिकवली. ही शेंग गोलकीपर, ही बचाववाला, हा पुढचा. तिनं शेंगा उचलून, परत मांडून, चांगली उलटतपासणी घेतली. लाथ बसायच्या वेळी पुढं पाहिजे, का बॉल पोचायच्या वेळी? माझ्या शाळेतल्या पोरांनी हा प्रश्न कधी विचारला नाही.

बटण

लेसर संपलं. नव्या वाहिन्या सुकल्या, असं रुंद फोटोत दिसलं. डॉक्टर खूश होती. मी तक्त्यावरची खालची ओळ वाचली, फाडफाड. तिन्हीसांजेला मात्र जिना नीट दिसायचा नाही. जेवताना बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या सांडायचा. सुनंदा बाजूनं आली की मी दचकायचो. तरी नवा हंगाम जवळ आला तसं मी डॉक्टरला विचारलं, लाइन करू शकतो का?

"बाजूचं किती दिसतंय ते मोजूया," ती म्हणाली.

मोजायचं मशीन वैशालीताईंकडंच होतं. एक डोळा झाकायचा, पांढऱ्या घमेल्यासारख्या खोलगट भांड्यात तोंड घालायचं, मधल्या दिव्याकडं बघत राहायचं. कडेला कुठंतरी बारीक उजेड चमकतो. चमकला की हातातलं बटण दाबायचं.

मी दाबायला लागलो. टिक. टिक. टिक. इथं चमकला म्हणजे पुढचा तिथं येणार, एवढं थांबून पुढचा येणार. मैदानावर पास कुठं जाणार हे आधी ओळखायची सवयच होती. छान चाललंय असं मला वाटलं.

वैशालीताईंनी मशीन थांबवलं. "सर, काही चमकलेलं नसताना पण तुम्ही दाबताय. हे धरता येणार नाही. परत करू."

परत केलं. परत तेच.

"सर," त्या माझ्या शेजारी येऊन म्हणाल्या, "दिसलं तर दाबा. नाही दिसलं तर नुसतं बसा."

नुसतं बसा! मला राग आला, मग रागाची लाज वाटली. तिसऱ्यांदा तोंड घातलं आणि नुसता बसलो. मधला दिवा जळत होता. उजेड आला, मी दाबलं. आला, दाबलं. मग काहीच नाही. बोट शिवशिवत होतं, आता आला असणार, आता नक्की आला असणार. मी दाबलं नाही. मशीन गुरगुरत होतं, म्हणजे उजेड सोडत होतं. मला काही दिसत नव्हतं. किती वेळ तो? लई वेळ. एवढ्या मोठ्या बाजूला काहीच नाही, हे मला तिथं बसून पहिल्यांदा कळलं. झाकलेल्या डोळ्यातूनही पाणी यायला लागलं, म्हणून वैशालीताईंनी पट्टी काढून पुसून दिली आणि दुसऱ्या डोळ्याला लावली.

कागदावर मधला भाग पांढरा आला आणि कडा काळ्या. मी डॉक्टरला लाइनबद्दल पुन्हा विचारलं नाही. घरी येऊन झेंडा धुतला, इस्त्री केली आणि संघटनेच्या ऑफिसात देऊन आलो.

गॅलरीत

परवा आमच्या पेठेची मॅच होती. अक्काचे आता दोन्ही डोळे झालेत. तांदूळ निवडायचं काम तिनं घरच्यांकडून भांडून परत घेतलंय. पडद्याच्या तपासणीला ती आली होती, माझीही तारीख होती. आता माझं तोंड दर थोड्या महिन्यांनी त्या मशीनच्या भोकात असणार, जन्मभर. तिथून आल्यावर तीच म्हणाली, चल, मला तुझी ती शेंगांची मॅच दाव. सुनंदाही आली. मी इतकी वर्षं त्या स्टेडियममध्ये गेलो, पण तिकीट काढून गॅलरीत कधी बसलो नव्हतो.

आजूबाजूला सगळी आमच्याच पेठेची पोरं, बरीचशी माझ्या हातचा मार खाल्लेली. उत्तरार्धात आमच्या पोरानं मागून लांब पास दिला, पुढच्यानं तो घेतला आणि गोल मारला. गॅलरी उठली. आणि पलीकडच्या लाइनवर झेंडा वर गेला.

"ए लाइनमन, डोळं फुटल्यात काय रं!"

माझ्या शेजारचाच ओरडला. मग त्याला मी आठवलो. "सर, तुमी सांगा! तुमी बघितलंसा न्हवं? हुता काय त्यो पुढं?"

पुढच्या रांगेतले वळले. मागचे वाकले. सगळी माझ्याकडं बघायला लागली. झेंडा बरोबर आहे म्हणालो असतो तरी ऐकलं असतं, चूक आहे म्हणालो असतो तर डोक्यावर घेतलं असतं. मी पास देणाऱ्या पोराकडं बघत होतो. त्याचा पाय बॉलला लागला ते मला स्वच्छ दिसलं. बाजूला पुढचा पोरगा कुठं होता, ती जागा माझ्याकडं नव्हतीच.

"मला दिसलं न्हाई," मी म्हणालो.

सुनंदानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मला दिसलं की," अक्का म्हणाली.

सगळे तिच्याकडं वळले.

"पुढंच हुता त्यो. लाथ बसायच्या आधीच पळाला. हातभर पुढं हुता. त्या झेंड्यावाल्याचं बरोबर हाय."

"ओ आजी, कुठल्या पेठंच्या तुमी?" मागून कुणीतरी खवळून विचारलं.

"मी शाहूवाडीची हाय," अक्का ओरडली. "आणि डोळं नवीन हायत माझं!"

एकच हशा झाला. मॅच परत सुरू झाली आणि पोरं मैदानाकडं वळली. मग मी अक्काकडं सरकलो आणि विचारलं, "कुठं हुता गं नेमका?"

तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड त्या बाजूला वळवलं आणि बोट करून मला दाखवायला लागली.